दक्षिणा कमिटीनं नापास केलेलं नाटक

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना आलेले ‘ॲक्च्युअली’ आणि ‘म्हणजे’ बरेच कापलेत, काही राहिले असतील.)

आज सुरुवात एका आकड्यानं करू. सव्वा लाख.

आमच्या बीड जिल्ह्यात, अंबाजोगाईला दासोपंत होऊन गेले. जन्म १५५१, समाधी १६१५. त्यांनी गीतेवर ‘गीतार्णव’ नावाची टीका लिहिली आणि तिच्या ओव्या सव्वा लाख सांगतात. ज्ञानेश्वरीच्या ओव्या साधारण नऊ हजार. एवढ्यावर दासोपंत थांबले नाहीत. त्यांनी ‘पंचीकरण’ हा विषय चक्क कापडावर लिहिला, साधारण ४० फूट लांब कापडावर. तिला ‘पासोडी’ म्हणतात. माजलगावकडच्या कुणी अजून बघितली नसेल तर अंबाजोगाईला देवीच्या दर्शनाला जाल तेव्हा चौकशी करा.

आता मोजायचंच म्हटलं, तर दासोपंत ज्ञानेश्वरांच्या जवळपास चौदा पट भरतात. आणि हे मोजमाप शंभर टक्के वस्तुनिष्ठ आहे बरं का. तुम्ही मोजा, मी मोजतो, आकडा तोच येणार. पण त्यावरून गीतार्णव ज्ञानेश्वरीपेक्षा चौदा पट चांगला, असं दासोपंतांच्या गावातही कुणी म्हणणार नाही. रीलच्या व्ह्यूजचं असंच आहे. आकडा खरा असतो, पण तो किती लोकांनी बघितलं ते सांगतो. कसं होतं ते सांगत नाही.

मग ‘कसं होतं’ हे कशानं ठरवायचं? हा प्रश्न मित्रांमध्ये निघाला की पाच मिनिटांत चर्चा एकाच वाक्यावर येऊन थांबते: ज्याची त्याची आवड. सैराट भारी की फँड्री, ग्रेस की नारायण सुर्वे, वामनदादा की आणखी कुणी. ज्याची त्याची आवड, चल चहा घेऊ. हे वाक्य ऐकायला समजूतदार वाटतं, भांडण मिटवतं, आणि त्यात कुणाचा अपमानही होत नाही. मला मात्र ते पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगायला १८५५ सालच्या पुण्यात जावं लागेल. तिथं एका कमिटीसमोर एक नाटक आलं होतं.

आधी ही कमिटी कुठून आली ते बघू.

पेशवाईत दरवर्षी श्रावणात पुण्याला वैदिक, शास्त्री, पंडित अशा ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जायची. ही पद्धत मुळात दाभाड्यांनी सुरू केली, पुढं पेशव्यांनी चालवली. गावोगावचे ब्राह्मण त्यासाठी पुण्यात जमायचे आणि खर्च प्रचंड व्हायचा. १८१८ ला पेशवाई गेली, इंग्रज आले. एल्फिन्स्टननं दक्षिणा एकदम बंद केली नाही, कारण लोक बिथरतील ही भीती होती. त्याच पैशातून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. मग १८४९ च्या सुमाराला काही सुधारक मंडळींनी सरकारकडे अर्ज केला, की या पैशातला काही भाग मराठीत चांगली पुस्तकं लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्या. या मंडळींत लोकहितवादी होते. शहरात मोठा गदारोळ झाला, अर्ज करणाऱ्यांना धमक्या आल्या. तेव्हा त्यांच्या संरक्षणाला आपली माणसं घेऊन उभा राहिला तो बाविशीतला जोतीराव फुले. फुल्यांच्या चरित्रांत हा प्रसंग येतो.

तर अशी मराठी पुस्तकांना बक्षीस देणारी दक्षिणा प्राइझ कमिटी झाली. म्हणजे ज्या पैशावर पूर्वी फक्त जन्मानं हक्क सांगता यायचा, त्यावर आता लेखनाच्या गुणवत्तेनं हक्क सांगता येणार होता. कागदावर तरी तसंच होतं. आजच्या भाषेत, कोटा गेला आणि मेरिट आलं. ‘मेरिट’ हा शब्द लक्षात ठेवा.

१८५५ मध्ये जोतीरावांनी एक नाटक लिहिलं, ‘तृतीय रत्न’. वय २८. तोवर मुलींची शाळा काढून सात वर्षं झाली होती आणि शिक्षणाच्या कामासाठी १८५२ मध्ये त्याच विश्रामबागवाड्यात सरकारनं त्यांचा शालजोडी देऊन सत्कारही केला होता. नाटक त्यांनी दक्षिणा प्राइझ कमिटीकडं पाठवलं. कमिटीनं ते नाकारलं.

पुढं काय झालं हे जोतीरावांनी स्वतः ‘गुलामगिरी’त, म्हणजे १८७३ मध्ये सांगितलंय. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा, की कमिटीतल्या ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढं युरोपियन सभासदांचं काही चाललं नाही, म्हणून मी ते पुस्तक बाजूला टाकून दिलं. काही वर्षांनी ‘ब्राह्मणांचे कसब’ लिहिलं ते स्वतःच्या खर्चानं छापलं. ही जोतीरावांची बाजू आहे हे मान्य. पण नाटकाचा विषय आणि कमिटीची रचना बघितली की त्यात न पटण्यासारखं मला काही दिसत नाही.

हे नाटक पहिल्यांदा छापून आलं कधी? १९७९ मध्ये. ‘पुरोगामी सत्यशोधक’ या नियतकालिकात. १२४ वर्षांनी! १९६९ साली धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी फुल्यांचं समग्र वाङ्मय संपादित केलं, राज्य शासनाच्या साहित्य संस्कृती मंडळानं ते काढलं, त्या पहिल्या आवृत्तीत हे नाटक नव्हतं. मधल्या काळात किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ आलं, देवल आले, गडकरी आले, तेंडुलकरांचं ‘सखाराम बाइंडर’ येऊन त्याच्यावर गोंधळही होऊन गेला. हा सगळा प्रवास ‘तृतीय रत्न’शिवाय झाला. ज्या नाटककारांनी ते वाचून काही घेतलं असतं, त्यांच्यापर्यंत ते पोचलंच नाही.

आता मुख्य भानगड. नाटक आहे कसं?

गोष्ट साधी. एक कुणबी आणि त्याची गरोदर बायको. घरी एक जोशी येतो. तो बाईला आधी गोड बोलतो, मग हळूच ग्रहांची भीती घालतो, पोटातल्या बाळावर संकट आहे म्हणतो. संकट टाळायचं तर ब्राह्मणभोजन घालायला हवं. घरात पैसा नाही, मग कर्ज. सगळं पार पडतं, आणि नवरा-बायकोच्या हातात उरतं ते कर्ज. पुढं एक पाद्री भेटतो, त्याच्याशी वादसंवाद होतो, आणि शेवटी दोघं शिकायचं ठरवतात. जोतीरावांनी रात्रीची शाळा काढली होती, तिचा धागा इथं येतो. आणि या सगळ्यात एक विदूषक आहे. तो मध्ये मध्ये येऊन, समोर जे चाललंय त्याच्यावर टिप्पणी करत राहतो.

मला यातला पहिला भाग जबरदस्त वाटतो, आणि ते ‘मला वाटतं’ एवढ्यावर सोडायचं नाहीये, दाखवायचंय. जोशी एकदम मोठी रक्कम मागत नाही. तो पायरी पायरीनं चढतो. प्रत्येक पायरीवर बाईला नाही म्हणायची संधी असते, आणि प्रत्येक पायरीवर नाही म्हणणं आधीपेक्षा अवघड झालेलं असतं, कारण भीती तेवढी वाढलेली असते. फोनवर ‘तुमचं केवायसी बंद होणार’ म्हणून जे कॉल येतात ना, त्यांची रचना हीच. आधी भीती, मग घाई, मग छोटी मागणी, मग मोठी. १८५५ मधल्या माणसानं ही यंत्रणा सुटी करून रंगमंचासाठी मांडली. आणि विदूषक! संस्कृत नाटकातला विदूषक राजाचा मित्र असतो, खादाड, विनोदी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, त्या पौराणिक नाटकांतही विदूषक होता. जोतीरावांनी तोच ओळखीचा विदूषक उचलला आणि त्याला प्रेक्षकाच्या बाजूला आणून उभं केलं. जोशी बोलतो, कुणबी ऐकतो, आणि विदूषक आपल्याला सांगतो की बघा, आत्ता काय झालं ते बघा.

दुसरा भाग मला तितका जमलेला वाटत नाही. पाद्री आला की नाटकाचा वेग पडतो. पाद्री आणि कुणबी यांच्यातलं बोलणं प्रश्नोत्तरासारखं होत जातं, पाद्र्याला सगळी उत्तरं माहीत असतात आणि कुणब्याकडं अडवणारा प्रश्न फारसा उरत नाही. पहिल्या भागात जोशाच्या विरुद्ध निदान परिस्थिती तरी होती. इथं ताण सैल होतो.

मी आत्ता काय केलं? नाटक चांगलं की वाईट, याला मार्क दिले नाहीत. पण नाटकातल्या जागा दाखवल्या. तुम्ही नाटक उघडून ताडून बघू शकता. तुम्ही म्हणू शकता, ‘नाही, पाद्र्याच्या भागात अमुक ठिकाणी कुणबी चांगला अडवतो, तुझ्या नजरेतून सुटलं.’ आणि तुम्ही ते दाखवलंत, तर मला माझं मत बदलावं लागेल. ‘मला भेंडी आवडत नाही’ या वाक्याबाबत असं करता येतं का? भेंडीत काहीही दाखवा, मला आवडत नाही म्हणजे नाही. दोन्ही मतंच आहेत, पण एक मत वस्तूकडं बोट दाखवतं आणि दुसरं माझ्या जिभेकडं.

आता कमिटीकडं परत येऊ. सगळं जर भेंडीसारखंच असेल, ज्याची त्याची आवड, तर कमिटीनं चुकीचं काय केलं? त्यांना नाटक आवडलं नाही, विषय संपला. सभासदांची एक आवड, जोतीरावांची दुसरी. मग १२४ वर्षांचा हिशोब आपण कुणाकडं मागणार? ‘अन्याय झाला’ असं म्हणायचं असेल, तर आधी हे मान्य करावं लागतं की त्या हस्तलिखितात काहीतरी होतं. खरोखर होतं, कागदावर होतं, आणि ते बघणं कमिटीचं काम होतं. ‘ज्याची त्याची आवड’ हे वाक्य ज्याला नाकारलं गेलं त्याच्या बाजूचं वाटतं. नीट बघितलं तर ते नाकारणाऱ्याला सोडवून नेतं. कारण त्यानं काही चुकवलंच नाही असं ते म्हणतं.

म्हणून मला ते वाक्य पटत नाही.

इथं एक स्कॉटिश माणूस आठवतो, डेव्हिड ह्यूम. १७५७ साली त्यानं अभिरुचीच्या मापदंडावर एक निबंध लिहिला. त्यात डॉन क्विक्झोटमधला एक किस्सा तो वापरतो. दोन जाणकारांना पिंपातली वाइन चाखायला दिली. एक म्हणाला, वाइन चांगली आहे, पण किंचित चामड्याची चव लागते. दुसरा म्हणाला, चांगली आहे, पण लोखंडाची चव लागते. लोक दोघांना हसले. पुढं पिंप रिकामं केलं तर तळाशी निघाली एक जुनी किल्ली, तिला चामड्याचा पट्टा बांधलेला. म्हणजे चव त्यांच्या डोक्यात नव्हती, पिंपात होती.

ह्यूमचं म्हणणं असं, की कलाकृतीतली किल्ली कळायला जाणकार लागतो: सराव असलेला, तुलना करू शकणारा, पूर्वग्रह बाजूला ठेवणारा. ऐकायला छान आहे. पण पुण्यातल्या कमिटीतही जाणकारच होते की! संस्कृत येत होतं, काव्यशास्त्र येत होतं. अडचण अशी, की या वेळी पिंपातली किल्ली त्यांच्याच घराची होती. जोशी कुणब्याला कसा लुबाडतो हे ज्यांना वाचायचं होतं, त्यांच्या नात्यागोत्यातच जोशी होते. चव लागली नसेल असं नाही. माझा अंदाज आहे की चांगलीच लागली असणार.

पूर्वग्रह उघड असला तर निदान तो दाखवता तरी येतो. जास्त अवघड असतो नियमाच्या आड लपलेला पूर्वग्रह. त्याचं उदाहरण विष्णुशास्त्री चिपळूणकर. १८७४ पासून ते ‘निबंधमाला’ काढत होते. मराठी गद्याला त्यांनी जे वळण दिलं ते नाकारण्यात अर्थ नाही, आपण आज ज्याला निबंध म्हणतो तो बराचसा त्यांनी घडवला. त्याच निबंधमालेत त्यांनी जोतीरावांच्या लेखनाची टिंगल केली, आणि हत्यार काय वापरलं? व्याकरण. भाषा अशुद्ध, वाक्यं वेडीवाकडी.

व्याकरणाच्या चुका मोजता येतात. आमच्या कामात लिंटर नावाचं एक टूल असतं. ते कोडवरून फिरतं आणि सांगतं, इथं स्पेस चुकली, इथं नाव नियमात नाही. एकदम वस्तुनिष्ठ, भावनाशून्य. पण लिंटर पास झालेला कोड बिनकामाचा असू शकतो आणि लिंटरनं लाल केलेला कोड बँकेचा सगळा व्यवहार पेलत असू शकतो. हे आमच्याकडं पहिल्या वर्षाच्या मुलालाही कळतं. शिवाय लिंटरचे नियम कुणीतरी बसून लिहिलेले असतात. मराठीचे कुणी लिहिले? दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं व्याकरण १८३६ चं. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा. म्हणजे ‘तृतीय रत्न’ लिहिलं गेलं तेव्हा ज्याला ‘शुद्ध मराठी’ म्हणायचं तिचं छापील नियमपुस्तक जेमतेम वीस वर्षांचं होतं, आणि त्यात प्रमाण मानलेली भाषा ही शिकलेल्या, मुख्यतः पुण्याकडच्या वरच्या वर्गाची. जोतीरावांच्या पात्रांच्या तोंडी बोलीचा बाज आहे. कुणबी कुणब्यासारखा बोलतो. नाटकात हे कौशल्य मानायचं की चूक? माप शुद्धलेखनाचं लावलं तर चूक, पात्राचं लावलं तर कौशल्य. मोजणी दोन्हीकडं बरोबरच येते, भांडण आहे ते कुठलं माप लावायचं यावर.

आम्हा मराठवाड्यातल्या पोरांना हे वेगळं सांगायला नको. ‘करायलो’, ‘जाऊलालो’ म्हटलं की पुण्यात पहिल्या सहा महिन्यांत काय होतं ते ज्याचं त्याला ठाऊक. असो.

जोतीराव मात्र ‘ज्याची त्याची आवड’ म्हणून गप्प बसले नाहीत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. १८८५ मध्ये पुण्यात दुसरी ग्रंथकार सभा भरायची होती. पहिली १८७८ ला न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादींच्या पुढाकारानं झाली होती, आज आपण ज्याला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन म्हणतो त्याची मोजणी तिथून होते. दुसऱ्या सभेचं निमंत्रण जोतीरावांना गेलं. त्यांनी नकाराचं पत्र पाठवलं, ते त्याच वर्षी ‘ज्ञानोदया’त छापून आलं. पत्राचा आशय असा: जे लोक माणसांचे हक्क मनापासून मान्य करत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचा मेळ बसत नाही. आमच्या पूर्वजांनी काय सोसलं आणि आम्ही काय सोसतो, हे त्यांच्या पुस्तकांत येऊच शकत नाही.

यात त्यांनी केलेली गोष्ट बघा. तुमची पुस्तकं मला आवडत नाहीत, असं ते म्हणत नाहीत. तुमच्या पुस्तकांत काहीतरी नाही, असं म्हणतात. हे तपासता येणारं विधान आहे. त्या काळची पुस्तकं काढा, शोधा कुणबी कुठं आहे, महार-मांग कुठं आहेत, आणि असले तर काय करताना आहेत. ज्यांना नापास केलं गेलं त्यांनी परीक्षेवरच प्रश्न टाकला, आणि नवा प्रश्न आधीच्यापेक्षा जास्त अवघड होता. पुढं शंभरेक वर्षांनी शरणकुमार लिंबाळ्यांनी ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ लिहिलं, त्यातही वाद याच जागेवर आहे, की स्वातंत्र्य आणि समता यांना बगल देऊन सौंदर्य मोजता येतं का.

माझं थोडं वेगळं मत आहे, ते बोलून टाकतो. नवं मापही एकटं पुरत नाही. विषय न्याय्य असला म्हणून लेखन आपोआप चांगलं होत नाही, ‘तृतीय रत्न’चा दुसरा भागच त्याचा पुरावा आहे. तो विचार मला शंभर टक्के मान्य आहे आणि तरी तो नाटक म्हणून सैल आहे. हे म्हणायला जड जातं, कारण लगेच वाटतं आपण चिपळूणकरांच्या पंगतीत जाऊन बसलो की काय. पण जोतीरावांचं लेखन नाजूक काच असल्यासारखं जपून हाताळणं, हा त्यांचा मान राखणं नव्हे. लेखक म्हणून घ्यायचं, तर जिथं सैल आहे तिथं सैल म्हणायचं.

मराठीत एका माणसानं सगळे वाद बाजूला सारून थेट नियमच शोधायचा प्रयत्न केला होता, बा. सी. मर्ढेकर. ‘सौंदर्य आणि साहित्य’, १९५५. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की सौंदर्य घटकांच्या आपसातल्या नात्यात असतं, आणि ती नाती तीन प्रकारची: संवाद, विरोध, समतोल. मार्च १९५६ मध्ये ते गेले, आणि त्या वर्षीचा साहित्य अकादमी पुरस्कार याच पुस्तकाला मिळाला. गंमत म्हणजे याच माणसाच्या ‘काही कविता’वर अश्लीलतेचा खटला भरला गेला होता. म्हणजे कवितेतली नाती काटेकोर बघा म्हणणाऱ्याच्या कवितेतले सुटे शब्द कोर्टात उचलून बघितले गेले. त्यातून ते निर्दोष सुटले. त्यांचा नियम मला उपयोगी वाटतो, पण बघायचं कुठं एवढंच तो सांगतो. विरोध आणि समतोल साधलेली सुमार कविताही लिहिता येते, हवं तर आजच एखाद्या चॅटबॉटला सांगून बघा.

मग चांगला परीक्षक म्हणजे कसा? मराठीत एक उदाहरण आहे, आणि तोही एका पुस्तकाच्या दारातच सापडतो. १९७२, नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’. प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. तेंडुलकर तेव्हा मोठे नाटककार, ढसाळ विशीतले, टॅक्सी चालवलेला पोरगा. कवितांमधले कितीतरी शब्द तेंडुलकरांना कळेनात. कामाठीपुरा-गोलपिठ्याकडची ती भाषा, तिथला व्यवहार. त्यांनी काय केलं? ढसाळांना शब्दांचे अर्थ विचारले. त्यांच्यासोबत जाऊन तो भाग बघितला. आणि हे सगळं प्रस्तावनेत मोकळेपणी लिहून टाकलं.

मला हा मराठी समीक्षेतला फार मोठा क्षण वाटतो. तेंडुलकर ‘कळत नाही म्हणजे दुर्बोध’ म्हणू शकले असते, आणि त्यांच्या नावामुळं ते चाललंही असतं. ‘हा त्यांचा अनुभव, आपण कोण बोलणारे’ असं म्हणून वरवर कौतुकही करू शकले असते. त्यांनी दोन्ही केलं नाही. शिकून आले, मग बोलले. दक्षिणा कमिटीतल्या एखाद्या सभासदानं १८५५ मध्ये एका कुणब्याच्या घरी एक दिवस काढला असता तर? इतिहासात ‘जर-तर’ नसतं म्हणतात, पण हा प्रश्न मनात येतोच.

आता आमच्या गावाकडं येतो, माजलगावात. इथं भीमनगर नावाची वस्ती आहे. १९९६ मध्ये तिथल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड झाल्या, त्यात बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रभर फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्या कामाचा हा भाग. २०१७ पासून ‘पारी’च्या वेबसाइटवर हा खजिना येतोय, फोनवर ऐकता येतो. धरण, ऊस, कोयता, मोर्चे, या सगळ्यांसाठी माजलगावचं नाव बातम्यांत येतं. एवढ्या मोठ्या ठेव्यात आपल्या गावाचा आवाज आहे हे गावातल्या माझ्या वयाच्या किती जणांना माहीत असेल, देव जाणे.

या ओव्या कुठल्याही कमिटीकडं गेल्या नाहीत. त्यांना बक्षीस नव्हतं, प्रस्तावना नव्हती, बहुतेकींना कवयित्रीचं नाव पण नव्हतं. मग तिथं गुणवत्ता कोण ठरवत होतं? जातं. आणि समोर बसलेली बाई. ओवी जात्याच्या फेऱ्यात बसली पाहिजे, नाहीतर हात अडखळतो. एक बाई ओळ टाकते, दुसरी उचलते. उचलली नाही तर ती ओळ तिथंच संपली. उचलली तर ती लेकीबरोबर सासरी जाते, दुसऱ्या गावात दुसऱ्या जात्यावर गायली जाते, तिथं तिच्यात एखादा शब्द बदलतो, बहुतेकदा चांगल्यासाठी. एखादी ओवी वेगवेगळ्या गावांत, थोड्याफार फरकानं सापडते, तेव्हा समजायचं की ती कितीतरी बायकांच्या हाताखालून पास होऊन आलीय. त्या सगळ्या दळणाऱ्या, सगळ्या गाणाऱ्या, म्हणजे ह्यूमचे जाणकार. सराव तर रोज पहाटेचा.

आणि त्या बायका ‘ज्याची त्याची आवड’ म्हणत नसत, हे खात्रीनं सांगतो. ज्यांच्या घरात जात्यावर दळलेली म्हातारी अजून आहे त्यांनी विचारून बघा: अमक्या बाईची ओवी कशी होती? ‘तिला जमत नव्हतं’ असं सरळ उत्तर येईल. का जमत नव्हतं, तेही सांगेल. ओळ लांबायची, किंवा नाव शेवटी यायला हवं ते मधेच यायचं, किंवा नुसतं कौतुकच असायचं, दुखणं नसायचं.

फक्त एक अडचण आहे. पिठाची गिरणी आली आणि जातं बंद पडलं, तसं हे परीक्षक मंडळही उठलं. आज त्या ओव्या ऐकताना आपल्या हाताला जात्याचा खुंटा नाही. तेंडुलकरांना निदान ढसाळांना विचारता आलं. ज्यांना विचारायचं त्या म्हाताऱ्या आता सत्तरी-ऐंशीच्या पुढं आहेत. तेव्हा या सुट्टीत गावाकडं जाल तेव्हा फोनचा रेकॉर्डर चालू करा, आणि नुसत्या ओव्या गाऊन घेऊ नका. कुठली चांगली आणि का, हे पण विचारा. ‘का’चं रेकॉर्डिंग फार कमी आहे.

पुढच्या भागात ‘तृतीय रत्न’चा पहिला प्रवेश आम्ही तिघं मिळून वाचणार आहोत. विदूषक कुणी व्हायचं यावर अजून भांडण चालूय. भेटू.